रुग्णशय्येपाशी होणारी परीक्षा

(आरे वसाहतीतील विद्यार्थी, पालक व गोपालक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी निवडलेला विषय वरकरणी आपल्यापासून दूरचा वाटेल. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी रुग्णालयाच्या कक्षात काम शिकत असताना त्याला गुण कोण देतो, कशाबद्दल देतो आणि ते कितपत खरे असतात, याच्याशी आरे वसाहतीतील माणसाचा काय संबंध, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु संबंध आहे आणि तो दुहेरी आहे. कूपर रुग्णालय येथून फार दूर नाही. त्याला जोडून २०१५ साली महानगरपालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शीव, परळ, मुंबई सेंट्रल आणि भायखळा येथील मोठी सार्वजनिक रुग्णालये तर कित्येक दशकांपासून वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली आहेत. अशा रुग्णालयात आपल्यापैकी कोणी खाटेवर पडला, की पांढरा कोट घातलेली विशी-बाविशीतली मुले-मुली वही घेऊन भोवती जमतात. दुखते कुठे, केव्हापासून, आधी काय झाले होते, घरात आणखी कोणाला आहे का, असे प्रश्न एकामागून एक येतात. थोड्या वेळाने दुसरा गट येतो आणि पुन्हा तेच विचारतो. कंटाळलेला रुग्ण म्हणतो, "आत्ताच तर सांगितले." त्याला कल्पना नसते की समोरच्या मुलाची त्या क्षणी परीक्षा चालू आहे आणि आपण त्या परीक्षेची प्रश्नपत्रिका आहोत.

हा झाला एक संबंध. दुसरा आपल्या मुलांचा. येथील शाळांतून शिकलेली, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेली मुले-मुली आता वैद्यकीय प्रवेशाची स्वप्ने पाहू लागली आहेत. प्रवेशपरीक्षेची माहिती त्यांना गल्लोगल्लीच्या शिकवणीवर्गांत मिळते. प्रवेश मिळाल्यानंतर जी परीक्षा रोज, न सांगता होत असते, तिच्याविषयी मात्र कोणी बोलत नाही.

मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे. तेव्हा रोगनिदानाविषयी काही सांगण्याचा अधिकार मला नाही. नियमावल्या, परिपत्रके आणि प्रसिद्ध झालेले अहवाल वाचून सामान्य नागरिकाच्या भाषेत ते मांडणे हे माझे काम, आणि तेवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

आपल्या राज्यात आधुनिक वैद्यकाचे शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजपासून सुरू झाले. ते १८४५ साली स्थापन झाले आणि त्याला लागूनच जमशेटजी जीजीभाई रुग्णालय उभे राहिले. पुढे ज्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले ते डॉ. भाऊ दाजी लाड हे या महाविद्यालयातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. त्या काळापासून एक तत्त्व कायम आहे. वैद्यकाचा विद्यार्थी अर्धा वर्गात घडतो आणि अर्धा खाटेजवळ. १९२६ साली परळला राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेही एकमेकांना जोडूनच. रुग्णालयाविना वैद्यकीय महाविद्यालय ही कल्पनाच करता येत नाही.

या खाटेजवळच्या शिक्षणाला विद्यार्थी 'पोस्टिंग' म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू. वर्गाचे लहान लहान गट पाडले जातात. एक गट काही आठवडे औषधवैद्यक विभागात, मग शल्यचिकित्सा विभागात, मग प्रसूतिशास्त्र, बालरोग, अस्थिरोग, नेत्र, कान-नाक-घसा, त्वचा, मानसोपचार असा फिरत राहतो. प्रत्येक ठिकाणी तो एखाद्या 'युनिट'ला जोडलेला असतो. सकाळी गट कक्षात जातो. प्रत्येकाला एक रुग्ण नेमून दिला जातो. विद्यार्थी त्याचा रुग्णेतिहास विचारतो, त्याची तपासणी करतो आणि आपले अनुमान बांधतो. नंतर शिक्षक येतात आणि विद्यार्थी त्यांच्यासमोर 'केस' मांडतो. शिक्षक उलटतपासणी घेतात. पोस्टिंगच्या अखेरीस एक छोटी परीक्षा होते. तिचे गुण, उपस्थिती, नोंदवही आणि शिक्षकाचे एकूण मत हे सारे मिळून त्या विद्यार्थ्याचे अंतर्गत मूल्यमापन तयार होते.

हे अंतर्गत मूल्यमापन म्हणजे केवळ उपचार नव्हे, हे पालकांनी नीट लक्षात घ्यावे. भारतीय वैद्यकीय परिषदेने २०१९ साली प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू केला. परिषदेची जागा २०२० साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली आणि तोच मार्ग पुढे चालू ठेवला. या व्यवस्थेत प्रत्येक विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनात लेखी व प्रात्यक्षिक मिळून किमान ५० टक्के आणि प्रत्येकात स्वतंत्रपणे किमान ४० टक्के गुण मिळाल्याशिवाय विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही. व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिक व रुग्णालयीन कामाला ८० टक्के उपस्थिती लागते. पूर्वीच्या, म्हणजे १९९७ च्या नियमावलीत अंतर्गत मूल्यमापनाचे गुण विद्यापीठ परीक्षेच्या एकूण गुणांत मिळविले जात. आता ते गुणपत्रिकेवर स्वतंत्र दाखविले जातात. एकंदर गुणांना त्यांचा टेकू मिळत नाही, परंतु दार उघडायचे की नाही हे तेच ठरवितात. महाराष्ट्रात ही विद्यापीठ परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांपैकी किमान निम्मे बाहेरचे असावेत असा दंडक आहे. पोस्टिंगमधील परीक्षक मात्र सारे घरचेच असतात आणि खरी अडचण तेथेच सुरू होते.

ती अडचण समजण्यासाठी आपल्या वसाहतीतलाच दाखला घेऊ. ४ मार्च १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते या वसाहतीचे उद्घाटन झाले. दारा खुरोडी यांच्या कल्पकतेतून शहरातले तबेले येथे आणण्याची जी योजना साकारली, तिचा एक हेतू मुंबईकरांना निर्भेळ दूध मिळावे हा होता. दूध निर्भेळ आहे की नाही हे ठरविताना काय होते, हे येथे बसलेल्या गोपालकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक. दुधात लॅक्टोमीटर सोडला आणि आकडा बरोबर आला म्हणून कोणी जाणता माणूस दूध पास करीत नाही. पाणी घातले तर दूध पातळ होऊन आकडा खाली जातो. पण आधी साय काढून घेतली तर तोच आकडा वर जातो. साय काढायची आणि मग बेताने पाणी घालायचे, म्हणजे लॅक्टोमीटर बिचारा निमूटपणे योग्य आकडा दाखवितो. म्हणून स्निग्धांश वेगळा मोजावा लागतो आणि स्निग्धेतर घनपदार्थ वेगळे. एकाच मापाने दोन गोष्टींची चोरी पकडता येत नाही.

विद्यार्थ्याचेही तसेच आहे. त्याला पुस्तक किती पाठ आहे हे एक माप, आणि त्याचा हात, कान, डोळा व जीभ रुग्णापाशी कशी चालते हे दुसरे. पहिल्याचा तुटवडा दुसऱ्याने झाकता येतो आणि दुसऱ्याचा पहिल्याने. 'केस' मांडण्याची जी जुनी पद्धत मी सांगितली, तिच्यात शिक्षक नेमके काय ऐकतो? तो विद्यार्थ्याचे निवेदन ऐकतो. यकृत दोन बोटे वाढलेले आहे, असे विद्यार्थी म्हणतो. त्याने पोटाला हात लावून ते खरोखर जाणले, की रुग्णाच्या केसपेपरवर आधीच लिहिलेले वाचले, की पुढच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याने कानात सांगितले, हे निवेदनावरून कळत नाही. तपासणी चालू असताना शिक्षक तेथे नव्हतेच. ते दुसऱ्या कक्षात फेरीवर होते, शस्त्रक्रियागृहात होते किंवा बाह्यरुग्ण विभागातील रांगेला तोंड देत होते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. सकाळच्या ज्या वेळात विद्यार्थी कक्षात येतात, नेमक्या त्याच वेळात रुग्णांची गर्दी असते. परंतु परिणाम असा, की ज्या कामाचे गुण द्यायचे ते काम पाहिले जात नाही. त्या कामाचे वर्णन ऐकून गुण दिले जातात.

आणि वर्णन इंग्रजीत असते. येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण हा मुद्दा आपल्या मुलांच्या जिव्हाळ्याचा आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी रुग्णापाशी बसते तेव्हा तिचे पारडे जड असते. पाड्यावरची आजी "छातीत कळ येते" म्हणते, "जीव घाबरा होतो" म्हणते, "अंगात कसर आहे" म्हणते, "पोटात गुबारा धरतो" म्हणते, आणि या चारही तक्रारींतला फरक त्या मुलीला शब्दकोशाविना समजतो. ती आजीला मावशी म्हणून हाक मारते आणि आजी तिला मुलाला न सांगितलेली गोष्टही सांगून टाकते. रुग्णेतिहास यापेक्षा चांगला कोण घेणार? पण थोड्या वेळाने सर आले आणि दहा विद्यार्थ्यांदेखत इंग्रजीत निवेदन करण्याची पाळी आली, की तिची जीभ अडखळते. तिच्या शेजारी उभा असलेला, उत्तम इंग्रजी बोलणारा मुलगा आजीशी धड दोन वाक्येही बोललेला नसतो, परंतु त्याचे निवेदन ओघवते होते. गुण कोणाला जास्त पडतील, हे सांगायला ज्योतिषी नको. मी असे मुळीच म्हणत नाही, की वैद्यकातील परिभाषा येऊ नये. ती आलीच पाहिजे, कारण डॉक्टरांना एकमेकांशी बिनचूक बोलावे लागते. पण परिभाषेचे गुण वेगळे मोजावेत आणि रुग्णाचे म्हणणे काढून घेण्याचे वेगळे मोजावेत, एवढी मागणी रास्त आहे. सायीचे माप आणि पाण्याचे माप एकत्र करू नये.

शिक्षकाच्या मनाचेही काही खेळ असतात. पहिल्या दिवशी विद्यार्थ्याने एखादे अवघड उत्तर दिले, तर पुढचे सहा आठवडे त्याचे सारेच चांगले दिसू लागते. पहिल्या दिवशी जो उशिरा आला, त्याचे बरोबर उत्तरही कानाला बेसूर लागते. काही शिक्षक हाताचे इतके सढळ, की सगळ्यांना पंधरापैकी तेरा. काही इतके कडक, की नऊ गुण म्हणजे पारितोषिक. ज्याची पोस्टिंग सढळ शिक्षकाकडे पडली तो सुदैवी. कोणाला नापास केल्यास लेखी कारणे द्यावी लागतात, पुन्हा परीक्षा घ्यावी लागते, कधी पालक भेटायला येतात. ही दगदग टाळण्यासाठी काठावर ढकलून देण्याचा मोह सर्वत्र आढळतो आणि तो केवळ भारतातला नाही. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या या फिरतीच्या कामाला श्रेणी देतात. सर्वोच्च श्रेणी 'ऑनर्स'. २०१२ साली तेथील वैद्यकीय महाविद्यालयांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात असे दिसून आले, की एखाद्या ठिकाणी सर्वोच्च श्रेणी अवघ्या २ टक्के विद्यार्थ्यांना मिळत होती, तर दुसऱ्या ठिकाणी ९३ टक्क्यांना. शब्द तोच, अर्थ मात्र शंभर प्रकारचा. या श्रेणीवर पुढील प्रशिक्षणाची जागा बव्हंशी अवलंबून असल्यामुळे तेथे पुष्कळ वाद झाला. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २०१९ मध्ये मुख्य पोस्टिंगसाठी 'ऑनर्स' देणे बंद केले आणि केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढेच ठेवले. श्रीमंत देशांत सारे सुरळीत आहे असा आपला एक समज असतो, म्हणून हे सांगितले.

यावर उपाय काय शोधले गेले, तेही पाहू. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली एक वेगळी परीक्षापद्धती मांडली. ती आता जगभर तिच्या इंग्रजी आद्याक्षरांनी, 'ऑस्की' या नावाने ओळखली जाते. आपल्याकडील महाविद्यालयांतही ती रुळली आहे. तिची रचना जत्रेतील दुकानांच्या रांगेसारखी असते. एका मेजापाशी रक्तदाब मोजायचा, दुसऱ्यापाशी जखमेला टाका घालायचा, तिसऱ्यापाशी क्ष-किरण छायाचित्र वाचायचे, चौथ्यापाशी घाबरलेल्या आईला मुलाच्या आजाराविषयी समजावून सांगायचे. प्रत्येक मेजापाशी ठरावीक मिनिटे. घंटा वाजली की पुढे सरकायचे. परीक्षकापुढे यादी असते: हात धुतले का, रुग्णाला नाव विचारले का, पट्टा योग्य जागी बांधला का. प्रत्येक विद्यार्थ्याला तीच मेजे, तीच यादी. सढळ आणि कडक यांतील अंतर त्यामुळे पुष्कळच कमी होते. उणीव एवढीच, की घंटेच्या तालावर माणूस तुकड्यातुकड्यांनी तपासला जातो आणि खराखुरा रुग्ण तसा तुकड्यांनी येत नसतो.

ती उणीव भरून काढण्यासाठी १९९५ साली अमेरिकेतील जॉन नॉर्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी साधी गोष्ट सुचविली. शिक्षकाने पंधरा-वीस मिनिटे विद्यार्थ्याच्या बाजूला उभे राहावे, त्याला खऱ्या रुग्णाशी बोलताना व तपासताना पाहावे आणि लगेच तेथल्या तेथे काय चांगले झाले, काय सुधारायचे हे सांगावे. असे वर्षातून अनेकदा, वेगवेगळ्या शिक्षकांनी करावे. एका शिक्षकाचे एक मत चुकू शकते, पण आठ-दहा शिक्षकांनी आठ-दहा रुग्णांपाशी पाहिलेले सहसा चुकत नाही. माझ्या मते या साऱ्या शोधांतला हाच सर्वांत मोलाचा, कारण त्यात यंत्र नाही, खर्च नाही. लागतो तो फक्त शिक्षकाचा वेळ. आणि नेमका तोच आपल्या गर्दीच्या रुग्णालयांत दुर्मीळ आहे, हेही खरे.

आपल्या नव्या अभ्यासक्रमाने लॉगबुकला जे महत्त्व दिले आहे, ते याच दृष्टीने. लॉगबुक ही विद्यार्थ्याची नोंदवही. तिचा एक रकाना पाहू. कौशल्य कोणते, कोणत्या दिवशी केले, प्रयत्न पहिला की पुन्हा केलेला की सुधारणेसाठी केलेला. त्यापुढे शिक्षकाचे मत: अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतके की अपेक्षेहून अधिक. मग निर्णय: पूर्ण झाले, पुन्हा करावे की विशेष मार्गदर्शनानंतर करावे. शेवटी शिक्षकाची सही व तारीख, आणि आपल्याला अभिप्राय मिळाला याबद्दल विद्यार्थ्याची सही. ही शेवटची सही मला फार अर्थपूर्ण वाटते. 'तू कसा आहेस' हे विद्यार्थ्याला सांगणे आता शिक्षकाच्या मर्जीवर ठेवलेले नाही. ते नोंदवायचे आहे. वागणूक, नीतिमूल्ये आणि संभाषण यांसाठीही या अभ्यासक्रमात स्वतंत्र घटक आहे. वाईट बातमी कशी सांगावी, संमती कशी घ्यावी, हे पूर्वी ज्याने त्याने वरिष्ठांना पाहून शिकावे असे होते. आता ते शिकवायचे आहे आणि तपासायचेही आहे.

अर्थात कागदावर जे असते ते सगळेच प्रत्यक्षात उतरते असे नाही. पोस्टिंग संपण्याच्या आदल्या दिवशी वीस विद्यार्थी वीस नोंदवह्या घेऊन एका सहाध्यापकाच्या दारात उभे आहेत आणि तो सह्यांचा धडाका लावतो आहे, हे चित्र कोणाही वैद्यकीय विद्यार्थ्याला अनोळखी वाटणार नाही. शासकीय कार्यालयात काम करणाऱ्या मला तर ते मुळीच अनोळखी नाही. सही ही पाहण्याची खूण असावी लागते. न पाहता केलेली सही दुधाच्या कॅनवर चिकटविलेल्या चिठ्ठीइतकीच, आत काय आहे ते ती सांगत नाही.

साडेचार वर्षांनंतर एक वर्षाची आंतरवासिता येते. येथे विद्यार्थी पदवीच्या उंबरठ्यावर असतो आणि प्रत्यक्ष काम करू लागतो. १९९७ च्या नियमावलीत या काळासाठी शून्य ते पाच अशी मोजपट्टी होती आणि ती पाच बाबींना लावायची होती: प्रत्येक रुग्णाबाबत आवश्यक ते ज्ञान, कौशल्य, म्हणजे स्वतः केले, मदत केली की नुसते पाहिले, जबाबदारी, वक्तशीरपणा आणि पाठपुरावा, सहकारी, परिचारिका व इतर कर्मचारी यांच्याशी मिळून काम करण्याची वृत्ती, आणि पुढाकार व चर्चेतील सहभाग. यांपैकी एकाही बाबीत तीनपेक्षा कमी गुण पडले, तर आंतरवासिता असमाधानकारक समजायची. म्हणजे ज्ञानात पाच मिळवून परिचारिकेशी उद्धट वागण्यात एक मिळविणारा पुढे जाऊ नये, अशी योजना होती. सरासरी काढून दोष झाकण्याची सोय ठेवलेली नव्हती. नियम करणाऱ्यांनी येथे दूरदृष्टी दाखविली, असे म्हटले पाहिजे. परंतु गुण देणारा वरिष्ठच. ज्याच्या अंगाला हात लावला त्या रुग्णाला कोणी विचारीत नव्हते.

रुग्णाला विचारावे का? काही देशांत तसे प्रयोग झाले आहेत आणि रुग्णाचे मत विद्यार्थ्याच्या नोंदीत जोडले जाते. आपल्याकडे त्याविरुद्ध असा आक्षेप घेतला जातो, की रुग्णाला वैद्यक कळत नाही. ते खरे आहे. पण आपल्याशी कोणी नीट बोलले की नाही, पडदा ओढला की नाही, हात गार होते म्हणून आधी सांगितले की नाही, हे ओळखायला वैद्यक लागत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यात उपचाराआधी माहितीपूर्ण संमती, खाजगीपणा आणि प्रतिष्ठा हे हक्क नमूद आहेत. पुरुष डॉक्टर स्त्रीरुग्णाला तपासत असताना दुसरी स्त्री उपस्थित असावी, हेही त्यात आहे. विद्यार्थ्याने तपासण्यापूर्वी आपण विद्यार्थी आहोत हे सांगावे आणि परवानगी विचारावी. रुग्णाने नाही म्हटले तर त्याच्या उपचारात फरक पडता कामा नये. पाड्यावरच्या भगिनींना मी मुद्दाम सांगतो, असे विचारण्याचा तुम्हांला अधिकार आहे. आणि शक्य असेल तेव्हा हो म्हणा, हीही विनंती करतो. तुम्ही नाही म्हटले, तर उद्याच्या तुमच्या नातवंडांचा डॉक्टर कोणाच्या छातीला नळी लावून शिकणार?

ओघात एक गोष्ट सांगतो. आपल्या या परिसरात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचेही एक आवार आहे. परळचे हे महाविद्यालय १८८६ सालचे. २००० साली स्थापन झालेल्या नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत ते येते. तेथील विद्यार्थ्यांनाही जनावरांच्या दवाखान्यात आणि गोठ्यात पाळीपाळीने काम करावे लागते आणि त्यांचेही मूल्यमापन होते. त्यांची परीक्षा एका अर्थी अधिक प्रामाणिक. म्हैस आपला इतिहास सांगत नाही, तो गोपालकाकडून काढावा लागतो आणि तोही बहुधा हिंदी, मराठी किंवा भोजपुरीतून. चारा केव्हा टाकला, रवंथ करते का, दूध किती उतरले, व्याल्यावर किती दिवस झाले, हे विचारताना विद्यार्थी घाईत असला तर मालक अर्धेच सांगतो. आणि नंतर जनावराला हात लावताना घाबरला, तर म्हैस त्याच क्षणी आपला शेरा देऊन टाकते. तो शेरा कोणत्याही लॉगबुकपेक्षा स्पष्ट असतो. तेव्हा गोपालक मंडळींनो, तुमच्या गोठ्यात एखादा विद्यार्थी आला आणि बावरला, तर त्याला हसू नका. त्याचा पहिला प्रयत्न असेल.

अनेक पालक नेहमी एक प्रश्न विचारतात. मुलगा अंतर्गत मूल्यमापनात कमी पडला तर सारे संपले काय? तसे नाही. नव्या अभ्यासक्रमात कमी पडलेल्यांसाठी विशेष मार्गदर्शन व पुनर्प्रयत्न यांची तरतूद आहे. मात्र विद्यार्थ्याने ते वेळेवर मागितले पाहिजे. शेवटच्या महिन्यात धावाधाव करण्यापेक्षा प्रत्येक पोस्टिंग संपताच आपले गुण व उपस्थिती विभागात जाऊन पाहावी. त्यात चूक असल्यास विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. इंग्रजीची भीती असणाऱ्यांनी रोज एक केस मित्रासमोर मोठ्याने मांडून पाहावी. पहिल्या वर्षापासून असे केले, तर तिसऱ्या वर्षी जीभ अडखळत नाही. आणि शिक्षकांना नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे, "सर, मी तपासत असताना आपण एकदा पाहाल का?" हा प्रश्न विचारायला मुले कचरतात. पुष्कळ शिक्षक मात्र तो विचारला जाण्याची वाट पाहत असतात.

लॉगबुक घरी आले, तर पालकांनी ते उघडून जरूर पाहावे. आतले कळले नाही तरी चालेल. सह्यांखालच्या तारखा वाचता येतात. साऱ्या सह्या एकाच तारखेच्या असतील, तर मुलाला समोर बसवून विचारावे, यांतले प्रत्यक्षात कोणते केलेस आणि कोणी पाहिले.